मार्को बेनेव्हेंटोचं त्रिकूट पहिल्यांदा ऐकायला जाताना

जो रुसोज ऑलमोस्ट डेड या बँडमुळे मार्को बेनेव्हेंटो माहीत झाला, त्याचा कीबोर्ड आवडला आणि आता तो स्वतःचं त्रिकूट घेऊन जवळपास येतोय म्हणून जायचं ठरवलंय, अशांसाठी हे लिहिलं आहे. न्यू जर्सी-न्यूयॉर्क भागातल्या मराठी मंडळींना याचा जास्त उपयोग होईल, कारण त्याचे बरेच कार्यक्रम याच पट्ट्यात होतात. जॅम बँड म्हणजे काय हे थोडक्यात: ग्रेटफुल डेड आणि फिश या अमेरिकी बँडांच्या वळणाची मंडळी. गाणं ठरलेलं असतं, पण ते मधे सोडून किती लांब जायचं आणि कुठून परतायचं हे रंगमंचावर ठरतं. आज वाजलेली यादी उद्या तशीच वाजत नाही.

पाच जणांच्या बँडमधला कीबोर्डवादक आणि त्रिकुटातला कीबोर्डवादक, माणूस एकच असला तरी काम निराळं. ऑलमोस्ट डेडमध्ये दोन गिटारी आहेत, त्यामुळे तिथे त्याने काही मिनिटं मागे राहून नुसती भर घातली तरी भागतं. त्रिकुटात बेस आणि ड्रम सोडले तर उरलेलं सगळं त्याच्याकडे: कॉर्ड, धून, गाणं, आवाजाचे रंग, शिवाय आता पुढे कुठे जायचं याचा इशारा. म्हणून इथे त्याचे हात दिसणं महत्त्वाचं. तिकिटापासून उभं राहण्याच्या जागेपर्यंतचे बहुतेक निर्णय त्या एका गोष्टीवरून घ्यावेत.

पायरी १: काय मिळणार नाही ते आधी समजून घ्या

नवख्यांची सगळ्यात मोठी निराशा इथे होते. ऑलमोस्ट डेड ग्रेटफुल डेडची गाणी वाजवतं. त्या बँडचा पहिला कार्यक्रम जानेवारी २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन बोल या सभागृहात झाला. त्रिकूट मात्र बेनेव्हेंटोची स्वतःची गाणी वाजवतं. मधे एखादं दुसऱ्या कुणाचं गाणं येतं, पण डेडची फर्माईश ओरडत बसू नका. शेजारचे वैतागतात आणि वरून उत्तरही येत नाही.

दुसरं, गाण्यांत दोन काळ आहेत. २०१४ च्या ‘स्विफ्ट’ या अल्बमपासून तो गायला लागला. त्याआधीच्या ‘इनव्हिजिबल बेबी’ (२००८) वगैरे अल्बमांत नुसतं वादन आहे. आता दोन्ही मिसळून येतं आणि ठेका बराचसा नाचायच्या अंगाने जातो. शांत जॅझ पियानो त्रिकूट समजून खुर्चीच्या अपेक्षेने जाल तर फसाल.

जायच्या आधी आठवडाभर हे करा. आधी ‘स्विफ्ट’ किंवा त्यानंतरचा एखादा अल्बम दोनदा ऐका, म्हणजे गाण्यांचे मुखडे कानात बसतील. मग ‘इनव्हिजिबल बेबी’ एकदा. त्यानंतर अलीकडच्या एका पूर्ण कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण, मधे न थांबवता. तुकडे ऐकून उपयोग नाही. गाणं मुखड्यापासून किती दूर जातं आणि परत कसं येतं, हे सलग ऐकल्याशिवाय कळत नाही. अजून वेळ असेल तर मेडेस्की, मार्टिन अँड वुड ऐका. १९९१ साली न्यूयॉर्कमध्ये जमलेलं हे त्रिकूट; कीबोर्ड, बेस आणि ड्रम एवढ्यावर जॅम बँडचे श्रोते रात्रभर उभे राहतात हे आधी त्यांनी दाखवून दिलं. सुरुवातीच्या दौऱ्यांत क्लबांमध्ये धड पियानो मिळेना म्हणून जॉन मेडेस्कीने हॅमंड ऑर्गन धरला आणि त्यातून त्यांचा सगळा आवाजच बदलला.

वादकांची नावंही तपासा. बेनेव्हेंटोच्या त्रिकुटात बरीच वर्षं बेसवर कॅरिना रायकमन आणि ड्रमवर डेव्ह बटलर अशी जोडी ऐकायला मिळाली. पण रायकमनचा स्वतःचा बँड आहे आणि अशा मंडळींच्या तारखा एकमेकींवर आदळतात. जाहिरातीत फक्त ‘मार्को बेनेव्हेंटो’ लिहिलं असेल तर त्या रात्री सोबत कोण हे स्थळाच्या पानावर बघूनच पैसे भरा. एकट्याचा कार्यक्रम असेल तर तो वेगळाच प्रकार.

पायरी २: कोणता कार्यक्रम निवडायचा

एकाच दौऱ्यातले कार्यक्रम सारखे नसतात. जाहिरातीवर ‘ॲन इव्हनिंग विथ’ असं दिसलं तर तेच आधी घ्या. याचा अर्थ आधी दुसरा बँड नाही, हीच मंडळी दोन सेट, म्हणजे सलग वादनाचे दोन भाग, वाजवणार आणि मधे वीस ते तीस मिनिटांची विश्रांती. ‘विथ स्पेशल गेस्ट’ म्हणजे आधी पाऊण तास दुसरं कुणीतरी आणि मग मुख्य वादन साधारण दीड तास. महोत्सवात तासाभराचाच सेट मिळतो; त्यात मुखडे सगळे येतात, लांब भटकंती येत नाही. पहिला अनुभव महोत्सवात घेऊ नये, असं आमचं ठाम मत.

वार निवडायची मुभा असेल तर गुरुवार किंवा रविवार. शनिवारी गप्पा मारायला आलेली गर्दी जास्त असते आणि त्रिकुटाच्या हळू जागा तिच्यात बुडतात. अशा बडबड्यांना या वर्तुळात ‘चॉम्पर’ म्हणतात.

जागांबद्दल. ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागातलं ब्रुकलिन बोल २००९ साली सुरू झालं. सुमारे ६०० माणसांची जागा, १६ बोलिंग लेन, आणि त्या लेन प्रेक्षकांच्या बाजूलाच. पिना पडल्याचा आवाज हळू जागांत स्पष्ट ऐकू येतो, म्हणून लेनच्या विरुद्ध अंगाला उभं राहायचं. पोर्ट चेस्टरचं कॅपिटॉल थिएटर १९२६ चं, २०१२ साली पुन्हा उघडलेलं आणि सुमारे १,८०० माणसांचं. ऑलमोस्ट डेड तिथे रंगतं, पण त्रिकुटासाठी त्याला लागूनच असलेलं गार्सियाज हे छोटं बार-सभागृह जास्त चांगलं. वुडस्टॉकच्या लिव्हॉन हेल्म स्टुडिओजमध्ये, म्हणजे लाकडी कोठारवजा जागेत, तारीख मिळाली तर लांब पडलं तरी जा. लाकडामुळे पियानोचा आवाज गोळीबंद येतो आणि वादक अगदी हाताच्या अंतरावर असतात.

पायरी ३: तिकीट

स्थळाच्या संकेतस्थळावरूनच घ्या. शोधयंत्रात वर दिसणारे पहिले दुवे बऱ्याचदा पुनर्विक्रेत्यांचे असतात. तिकिटं शिल्लक असतानाही तिथे दुप्पट भाव लावलेला असतो. दाखवलेल्या किमतीवर सेवाशुल्क चढतं, तेव्हा शेवटच्या पानावरचा आकडा बघूनच तुलना करा. काही जागांच्या खिडकीवर प्रत्यक्ष गेलात तर हे शुल्क कमी लागतं.

सगळी तिकिटं संपली असतील तर कॅशऑरट्रेडसारख्या ठिकाणी चाहते एकमेकांना मूळ किमतीत तिकीट देतात. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारनंतर तिथे बरीच तिकिटं येतात, कारण कुणाचं तरी मूल आजारी पडतं किंवा ऑफिसचं काम निघतं. तिकीट ‘जनरल ॲडमिशन’ असेल तर जागा राखीव नाही, जो आधी आला तो पुढे. कॅपिटॉलमध्ये खालचा मजला असा उभ्याचा आणि वरती बाल्कनीत क्रमांकाच्या खुर्च्या. गुडघे दुखणाऱ्यांनी बाल्कनी घ्यावी.

वयाची अट वाचा. ब्रुकलिन बोलसारख्या ठिकाणचे रात्रीचे कार्यक्रम साधारणपणे २१ वर्षांवरच्यांसाठीच असतात. भारतातून आई-वडील आले असतील आणि तेही येणार असतील तर त्यांचा मूळ पासपोर्ट बरोबर घ्या. साठीच्या माणसालाही दारावर ओळखपत्र मागतात. भारतीय वाहन परवाना, आधार किंवा पासपोर्टचा मोबाइलमधला फोटो बहुतेक दारवान मान्य करत नाहीत, आणि त्यावर वाद घालून काही होत नाही.

पायरी ४: पोचणं आणि परतणं

एडिसन भागातून ब्रुकलिन बोलला जायचं तर एनजे ट्रान्झिटने न्यूयॉर्क पेन स्टेशन, तिथून ए, सी किंवा ई गाडीने १४ स्ट्रीट, आणि तिथे एल गाडी धरून बेडफर्ड ॲव्हेन्यू. पुढे दहा-बारा मिनिटं चालत. पोर्ट चेस्टरला ग्रँड सेंट्रलवरून मेट्रो-नॉर्थच्या न्यू हेवन मार्गाची गाडी. साधारण पाऊण तास, आणि स्टेशनबाहेर पडलात की थिएटर समोरच. न्यू जर्सीहून मात्र पोर्ट चेस्टरला गाडीनेच गेलेलं बरं, नाहीतर पेन ते ग्रँड सेंट्रल हा मधला टप्पा रात्री जड जातो.

परतीची शेवटची आणि तिच्या आधीची, अशा दोन्ही गाड्यांच्या वेळा निघण्यापूर्वी लिहून घ्या. शनिवार-रविवारी एल मार्गावर दुरुस्तीची कामं निघतात आणि वेळापत्रक बदलतं. दुसरा सेट मध्यरात्रीच्या सुमाराला संपतो. एन्कोरसाठी, म्हणजे शेवटी आग्रहाखातर होणाऱ्या जादा गाण्यासाठी, थांबल्यामुळे गाडी हुकली तर पुढची कधी आहे, हे तेव्हा शोधत बसू नका.

तिकिटावर दोन वेळा असतात, ‘डोअर्स’ आणि ‘शो’. पुढची जागा हवी तर डोअर्सच्या वेळेला दारात. नुसतं ऐकायचं असेल तर शोच्या वेळेआधी पंधरा मिनिटं पुरतात.

पायरी ५: अंगावर आणि खिशात

पाठीवरची बॅग नको. बऱ्याच जागा ती आत घेऊ देत नाहीत. थंडीत जाड कोट कोट-चेकला द्या, कारण तीन तास तो हातात धरून उभं राहणं शिक्षाच आहे. सपाट बुटांना पर्याय नाही. बारवर टिपसाठी एक-एक डॉलरच्या चार-पाच नोटा ठेवा. ब्रुकलिन बोलचं तळलेलं चिकन प्रसिद्ध आहे, शाकाहारींनी आधी विल्यम्सबर्गमध्ये खाऊन जावं.

कानातले बोळे मात्र विसरू नका. क्लबात आवाज ९५ ते १०५ डेसिबलपर्यंत सहज जातो. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या हिशोबाने ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. फोमचे स्वस्त बोळे वरचे सूर जास्त कापतात, त्यामुळे झांजा आणि पियानोची धार जाते. संगीतासाठी बनवलेले, सगळे सूर सारखे कमी करणारे १५ ते २० डेसिबलचे बोळे घ्या. फोमचेच असतील तर आधी बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढून आत सारा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरा. बहुतेक लोक ते नुसते कानाच्या तोंडाशी अडकवतात आणि मग ‘बोळ्यांचा उपयोग नाही’ म्हणतात.

पायरी ६: कुठे उभं राहायचं

कीबोर्डवादक सहसा मधोमध, प्रेक्षकांकडे तोंड करून बसत नाही. तो एका कडेला, आडवा बसतो, म्हणजे ड्रमवाला आणि बेसवाली त्याच्या नजरेत राहतात. त्यामुळे एका बाजूने त्याचे हात दिसतात, दुसऱ्या बाजूने फक्त पाठ किंवा पियानोचं लाकूड. फिशच्या कार्यक्रमांत प्रेक्षकांच्या डावीकडच्या अंगाला ‘पेज साइड’ म्हणतात, कारण त्यांचा कीबोर्डवादक पेज मॅकॉनेल तिकडे बसतो, आणि कीबोर्डवेडे तिथेच जमतात. बेनेव्हेंटोसाठी चालू दौऱ्यातले दोन-तीन ताजे फोटो बघा, पियानो कोणत्या कडेला आहे ते टिपा आणि त्याच्या पाठीच्या जरा मागे, तिरपं उभं राहता येईल असा कोपरा धरा. तिथून दोन्ही हात आणि पायाखालचे पेडल दिसतात.

आता गोची अशी की, जिथून हात दिसतात तिथे आवाज सगळ्यात चांगला असेलच असं नाही. अगदी पहिल्या रांगेत मुख्य स्पीकर तुमच्या डोक्यावरून पुढे फेकतात. तुम्हाला ऐकू येतो तो रंगमंचावरचा कच्चा आवाज, ड्रम आणि ॲम्प. गाणं आणि पियानोचे बारीक सूर मागे पडतात, आणि बेसचे स्पीकर मंचाखाली असतील तर पोटात नुसतं घुमतं. तोलून मिसळलेला आवाज ध्वनी मिश्रणाच्या टेबलासमोर मिळतो, कारण मिश्रण करणारा स्वतः तिथेच ऐकून हात फिरवत असतो. दोन सेट असतील तर पहिला हात दिसतील तिथे ऐका, विश्रांतीत मागे सरका आणि दुसरा टेबलापाशी ऐका. एकच सेट असेल तर पियानोच्या कडेला, पण सहा-सात रांगा मागे. भिंतीला किंवा बाल्कनीच्या छताखाली चिकटू नका. तिथे खालचे सूर साचतात आणि बेस व पियानोचा डावा हात एकमेकांत कालवले जातात.

पायरी ७: काय बघायचं, काय ऐकायचं

बेनेव्हेंटोचा पियानो नेहमीचा पियानो म्हणून ऐकू नका. खऱ्या तारांच्या पियानोला तो पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारं उपकरण, लावतो आणि तो आवाज गिटारसारखा आवाज बदलणाऱ्या पेडलमधून आणि ॲम्पमधून काढतो. म्हणून एखादा सूर फाटलेला, लांबत जाणारा किंवा उलटा वाजल्यासारखा आला तर सिंथ शोधू नका. हात अजून पियानोवरच असतात, पायाने पेडल दाबलेलं असतं. यातली अडचण अशी की पिकअप आजूबाजूचे ड्रमही थोडे उचलतात आणि आवाज वाढवला की शिट्टी मारतात. पहिल्या एक-दोन गाण्यांत अशी शिट्टी आली तर घाबरू नका, ध्वनी सांभाळणारा ती वारंवारता शोधून कापतो. शिवाय दिव्यांच्या उष्णतेने आणि मारून वाजवण्याने दुसऱ्या सेटपर्यंत वरच्या सप्तकातले काही सूर किंचित उतरतात. सुराला हळवा कान असेल त्याला ते कळेल. वादकालाही कळलेलं असतं, आणि तो तेवढा भाग टाळून वाजवतो.

डावा हात बघा. बेसवाली सोबत असल्यामुळे त्याला खालचा सूर धरायची सक्ती नाही, म्हणून डाव्या हाताने तो ठेक्याचे तुकडे टाकतो किंवा बाजूच्या दुसऱ्या वाद्यावर जातो. सोलाइव्हसारख्या ऑर्गन त्रिकुटात उलट असतं: तिथे बेसवाला नाहीच, नील इव्हन्स डाव्या हाताने सगळा बेस वाजवतो आणि तिसरा माणूस गिटारवर. दोन्ही प्रकार एकापाठोपाठ ऐकले की फरक पटकन ध्यानात येतो.

हॅमंड बी-३ हा विजेवरचा ऑर्गन मंचावर असेल, ऑलमोस्ट डेडमध्ये असतो तसा, तर त्याच्यासोबतचा, फिरत्या भोंग्याचा लेस्ली स्पीकर ऐका. आतला भोंगा हळू ठेवला तर मिनिटाला सुमारे ४० फेरे घेतो, वेगात ४०० च्या आसपास. खटका टाकला की वरचा भोंगा लगेच पळतो आणि खालचा जड पिंप रेंगाळत मागून येतो. तो मधला तीन-चार सेकंदांचा काळ म्हणजेच ऑर्गन ‘उसळल्याचा’ आवाज. जुन्या बी-३ चा सूर विजेच्या वारंवारतेला बांधलेला असतो. ६० हर्ट्झवरचं अमेरिकी वाद्य बदल न करता भारतातल्या ५० हर्ट्झवर लावलं तर ते सा ते कोमल गंधार एवढ्या अंतराने खाली उतरतं. पुन्हा त्याचं वजन पावणेदोनशे किलोंच्या वर. त्रिकुटं दौऱ्यावर हलके पर्याय का नेतात ते यावरून समजावं.

भटकंती कुठे सुरू झाली हे ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. मुखडा संपतो आणि गाणं एक-दोन कॉर्डवर फिरत राहतं. ड्रमवाला हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटणारी झांजांची जोडी, सोडून राइड या मोठ्या झांजेवर जातो. बेस एका सुरावर अडून बसतो. कीबोर्डवादक वाद्यावरून मान वर काढून दोघांकडे बघतो. ही नजर चुकवू नका, पुढच्या चार-आठ मात्रांत काहीतरी बदलणार असतं. ख्याल ऐकणाऱ्यांना सम पकडायची सवय असते, ती इथे अर्धीच कामाला येते: फिरणारं आवर्तन ओळखता येतं, पण ते आवर्तन मधेच चारचं सातचं होऊ शकतं आणि परतीची जागा मुखडाच असेल याचीही खात्री नाही. कधी ते सरळ दुसऱ्याच गाण्यात उतरतात. यादी लिहिणारे अशा ठिकाणी दोन गाण्यांच्या मधे बाण काढतात. दुसऱ्याच्या गाण्याची नुसती चार मात्रांची झलक आली तर तिला ‘टीझ’ म्हणतात, आणि पाहुणा वादक येऊन बसला तर ‘सिट-इन’.

हळू जागेत बोलू नका. टाळी शेवटालाच पाहिजे असं नाही. भटकून मुखड्यावर छान परत आले की तिथेच ओरडलं तरी चालतं. मोबाइलवर चित्रण करायचं असेल तर छातीच्या उंचीवर, फ्लॅश बंद, एखादं मिनिट. उंच दांड्यावर मायक्रोफोन लावलेला माणूस दिसला तर तो टेपर, म्हणजे कार्यक्रम मुद्रित करणारा श्रोता. ग्रेटफुल डेडने १९८४ साली अशांना वेगळी जागा नेमून दिली आणि तेव्हापासून या वर्तुळात श्रोत्यांनी ध्वनिमुद्रण करणं, तेही न विकण्याच्या अटीवर, रूढ आहे. टेपरच्या दांड्याखाली उभं राहून गाऊ नका. तुमचा आवाज कायमचा त्यात राहतो. स्वतः मुद्रण करायचं असेल तर त्या स्थळाची परवानगी आधी विचारा.

पायरी ८: संपल्यावर

‘मर्च’च्या टेबलावर गर्दी कार्यक्रम संपल्यावर होते, म्हणून रेकॉर्ड किंवा टी-शर्ट विश्रांतीत घ्या. मंचावर चिकटवलेला यादीचा कागद हवा असेल तर सामान आवरणाऱ्या माणसाला विचारा; हात घालून ओढू नका, खाली वायरी असतात. आणि त्या कागदावर लिहिलेलं सगळं वाजलेलं असतंच असं नाही.

टेपरांची मुद्रणं काही दिवसांत इंटरनेट आर्काइव्हच्या थेट संगीताच्या संग्रहात येतात. तारीख टाकून शोधा आणि ज्या गाण्यात वाट हरवली होती ते पुन्हा लावा. या वेळी हेडफोन लावून फक्त बेस ऐका, पियानो नाही. वळणं बऱ्याचदा तिथून सुरू झालेली असतात.